मोबाइलवरील कार्यालयीन दस्तऐवजांची सुरक्षितता : ब्लॅकबेरी एंटरप्राइज सर्व्हरचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
माइक लझारिडिस व डग्लस फ्रेगिन यांनी इ. स. १९८४ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथे ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी स्थापन केली. १९९९ मध्ये तिने ब्लॅकबेरी सेवा सुरू केली आणि कार्यालयीन ई-मेल खिशात आला. परंतु ई-मेलसोबतचे वर्ड, एक्सेल वा पीडीएफ स्वरूपातील जोडपत्र लहानशा उपकरणावर सुरक्षितपणे कसे पोहोचवावे, हा प्रश्न शिल्लक होता. प्रस्तुत लेखात त्याच्या सोडवणुकीचा व त्यातून उद्भवलेल्या वादाचा आढावा घेतला आहे.

कार्यपद्धती :
तत्कालीन उपकरणांची साठवणक्षमता अल्प व नेटवर्कचा वेग मंद होता. त्यामुळे जोडपत्र ग्राहकसंस्थेच्या सर्व्हरवरच उघडले जाई. ‘अटॅचमेंट सर्व्हिस’ हा सर्व्हरचा घटक त्यातील आशय हलक्या स्वरूपात रूपांतरित करी आणि वापरकर्ता मागेल तेवढाच भाग पाठवी. मूळ फाइल संस्थेतच राही. पाठविलेला मजकूर ट्रिपल डीईएस व पुढे एईएस पद्धतीने कूटबद्ध होई. त्याची किल्ली संस्थेचा सर्व्हर आणि वापरकर्त्याचे उपकरण या दोनच ठिकाणी असे. कंपनीच्या मध्यवर्ती केंद्राचे कार्य बंद लखोटे पुढे धाडणाऱ्या टपालखात्यासारखे होते.

मर्यादा :
या रचनेमुळे वाटेवरील धोका कमी झाला; मात्र अनोळखी फाइल उघडण्याची जोखीम सर्व्हरवर आली. पीडीएफ हाताळणाऱ्या भागातील त्रुटीमुळे, हेतुपुरस्सर बनविलेल्या फाइलद्वारे सर्व्हरवरच घातक आज्ञावली चालू शकते, असा इशारा कंपनीनेच २००८ मध्ये दिला. कूटबद्धता म्हणजे संपूर्ण सुरक्षितता नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

भारतातील वाद :
राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव भारत सरकारने संदेश तपासण्याची सोय मागितली व त्यासाठी ३१ ऑगस्ट २०१० ही मुदत दिली. ती पुढे वाढविण्यात आली. मेसेंजरसारख्या सर्वसाधारण सेवांबाबत कालांतराने तडजोड झाली. तथापि, संस्थांच्या सर्व्हरवरील मजकुराची किल्ली आपल्याकडे नाहीच, या भूमिकेवर कंपनी ठाम राहिली. ही अडचण केवळ धोरणाची नसून मूळ रचनेचीच होती. नागरिकांची गोपनीयता आणि राज्यसंस्थेची जबाबदारी यांतील हा संघर्ष अद्याप मिटलेला नाही.

निष्कर्ष :
४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी उपकरणांच्या सेवा बंद झाल्या. आजचे मोबाइल संपूर्ण दस्तऐवज स्वतःच उघडतात. त्यामुळे कार्यालयीन फाइल उपकरणातील स्वतंत्र, कूटबद्ध कप्प्यात ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. तंत्र बदलले तरी दस्तऐवज कोठे उघडतो आणि किल्ली कोणाच्या हाती असते, हे दोन प्रश्न कायम आहेत. प्रश्नपत्रिका व विद्यार्थ्यांच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविणाऱ्या शिक्षणसंस्थांनीही कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.