अपील नव्हतंच, पुण्याला अर्ज होता

उधन्याच्या खोलीत आजी रात्री सांगायची, “आमच्या आजेसासऱ्यांनी सावकारावर पुण्याला अपील केलं होतं.” म्हणजे माझे खापरपणजोबा, श्रीगोंद्याकडचे. पुढे कायदा वाचला तर कळलं, अपिलाला तिथे वावच नव्हता!

झालं असं. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर 3 वर्षांत दावा लावणं भाग पडलं. मग सावकार दर 3 वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घ्यायचा. कोर्टात दिसायचा फक्त शेवटचा कागद. कुणबी तारखेला जायचाच नाही, घाबरायचा, आणि एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखेच जाळले. (सावकार बरेचसे मारवाडी-गुजराती, हे सुरतेत बसून लिहिताना जरा गंमत वाटते.)

त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. जज्जाने रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब काढायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. पण लहान दाव्यांत अपील बंद. वाचून आधी रागच आला. मग वाटलं, वरच्या कोर्टाचा खर्च सावकाराला परवडतो, कुणब्याला कुठला? त्याऐवजी जिल्हा जज्ज किंवा पुण्याचे स्पेशल जज्ज खालच्या कोर्टाचे कागद मागवून निकाल तपासू शकत. 1887 पासून त्या जागेवर न्यायमूर्ती रानडे होते, 1893 ला हायकोर्टात जाईपर्यंत. तालुक्या-तालुक्यांत फिरून दप्तरं तपासायचे. रमाबाईंनी त्या फिरतीबद्दल आठवणींत लिहिलंय.

आजीच्या सांगण्याप्रमाणे 40 रुपयांचे 190 झाले होते. कागद मागवले गेले, हिशेब पुन्हा झाला, बैलजोडी सुटली. जमीन मात्र पुढच्या पिढीत गेलीच, आणि आजोबा सुरतेला आले.

आज इथे दिवाणी न्यायाधीशाचा पैशाचा निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. तेव्हा अंगठेबहाद्दर माणसाने श्रीगोंद्याहून पुण्यापर्यंत अर्ज कुणाकडून लिहवून घेतला असेल, हे मला अजून कळलेलं नाही. कुणाच्या पेटीत असे जुने रोखे, हुकूमनामे असतील तर फोटो टाका. मोडी असेल तरी चालेल, वाचणारे आहेत आपल्यात.