दिनविशेष : ५ फेब्रुवारी – पर्ससीनवर निर्बंध

२०१६ : महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या हद्दीत पर्ससीन जाळ्याने होणाऱ्या मासेमारीवर निर्बंध घातले. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठरला, नवे परवाने थांबले. कोकणातल्या मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै या बंदरांत पर्ससीनवाले आणि छोटे मच्छीमार यांच्यातला वाद अजून धगधगतो आहे, आणि ते स्वाभाविकच. बांगडा, तारली हे मासे थव्याने फिरतात. पर्ससीन जाळे अख्खा थवाच वेढते. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणवाल्याच्या, छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला मग काय येणार? वेळीच आवर घातला नाही तर काय होते, तेही पाहा. कॅनडाने १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात कॉड मासा पकडण्यावर बंदी घातली, तेव्हा मासा जवळपास संपला होता. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. कोकणात मासा अजून आहे. शासनाने गस्त वाढवून २०१६ चा हा नियम काटेकोर पाळायला लावावा.