करवंदाची कुळकथा

पंचगंगेचे पाणी सह्याद्रीतून आमच्या कुरुंदवाडला येते. वैशाखात करवंदेही तिकडूनच येत. डोंगरातल्या बायका बुट्टी उतरवून पळसाच्या द्रोणात ती घालीत. आम्ही पोरे एकेक फोडून विचारीत असू, “कोंबडा की कोंबडी?” आत तांबडे निघाले तर कोंबडा!

या रानमेव्याचे कूळ मोठे आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात करवंदाची नोंद आहे. १७६७ साली लिनिअसने त्याचे शास्त्रीय नाव ठेवले, ‘कॅरिसा कॅरंडास’. त्यात आपल्याच बोलीचा नाद ऐकू येतो.

अमेरिकेतही असेच एक आंबट, तांबडे रानफळ आहे, क्रॅनबेरी. वाऱ्याने वाळू येऊन पडते तिथल्या वेली अधिक फळतात, हे मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री हॉलने हेरले आणि १८१६ च्या सुमारास तिची लागवड आरंभिली. आज तिचे मळेच्या मळे आहेत. आपण मात्र करवंदीला कुंपणावर उभी केली, आणि रस्ता रुंद करताना तोडली. केकवरची ‘चेरी’ म्हणून आपण कौतुकाने खातो, तेही पुष्कळदा पाकात रंगवलेले करवंदच असते!

यंदा आमच्या गल्लीत बुट्टी आली नाही. पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचवट्यावर मी करवंदीचे एक रोप लावले आहे. नातीला एकदा विचारायचे आहे, “कोंबडा की कोंबडी?”