सोल-केक : मृतांच्या नावाने भाजलेली भाकर

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्सच्या सरहद्दीला लागून चेशायर आणि श्रॉपशायर असे दोन परगणे आहेत. हा दुधदुभत्याचा, कुरणांचा आणि सफरचंदांच्या बागांचा मुलूख. ऑक्टोबर सरता सरता तेथे दिवस झपाट्याने लहान होऊ लागतो. झाडांवरची उरलीसुरली सफरचंदे उतरवून माळ्यावर गवतात मांडली जातात आणि लोक हिवाळ्याच्या तयारीला लागतात. नेमक्या याच दिवसांत कित्येक शतके तेथील गृहिणी तळहातावर मावतील असे लहान, वाटोळे, मसाल्याचे केक भट्टीत भाजीत असत. त्यांना 'सोल-केक' म्हणत. सोल म्हणजे आत्मा. हे केक घरच्यांसाठी नसत. दारी येणाऱ्याला ते घरातील मृतांच्या नावाने द्यायचे असत.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो, धर्मगुरू कबरस्तानात फिरून आशीर्वादित पाणी शिंपडतात. या दिवसाचा प्रारंभ फ्रान्समधील क्लूनी मठात झाला. दहाव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती झालेले संत ओडिलो यांनी आपल्या अधिकाराखालील सर्व मठांना आज्ञा केली की, सकल संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करावी, मिस्सा अर्पण करावी आणि गरिबांना दानधर्म करावा. प्रार्थना, मिस्सा आणि दान ही तिन्ही अंगे आरंभापासून एकत्र होती, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी ध्यानात ठेवावयास हवी. मृतांसाठी प्रार्थना करण्याची कल्पना अर्थातच त्याहून फार जुनी. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाने रणात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापक्षालनासाठी दोन हजार द्राख्मा जमवून यरुशलेमेस पाठविल्याचा प्रसंग आपण दर वर्षी ऐकतो.

क्लूनीची ही प्रथा पाहता पाहता पश्चिम युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये ती लोकांच्या कशी अंगवळणी पडली होती, याची उत्तम साक्ष एका प्रवचनसंग्रहात मिळते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस श्रॉपशायरमधील लिलेशॉल मठात जॉन मर्क नावाचे एक धर्मगुरू होते. खेड्यापाड्यांतील कमी शिकलेल्या धर्मगुरूंना सणावारी उपयोगी पडावीत म्हणून त्यांनी इंग्रजीत प्रवचने लिहून ठेवली. त्यांचा हा 'फेस्टियल' ग्रंथ त्या काळी अतिशय लोकप्रिय होता. सर्व मृतांच्या दिवसासाठी लिहिलेल्या प्रवचनात ते सांगतात की, पूर्वीच्या काळी भली माणसे या दिवशी पाव विकत घेऊन आपल्या प्रिय मृतांसाठी वाटीत, आणि एकेका पावागणिक एकेक आत्मा शुद्धिस्थानातून सुटावा अशी आशा धरीत. सहाशे वर्षांपूर्वीचा हा धर्मगुरूदेखील 'पूर्वीच्या काळी' असे म्हणतो, हे वाचून मला मौज वाटते. आपल्याहून मागची पिढी अधिक भाविक होती, असे प्रत्येक पिढीतील धर्मगुरूला वाटत आलेले दिसते.

'एक पाव, एक आत्मा' हा हिशेब ऐकून आजच्या वाचकाला हसू येईल, किंवा रागही येईल. दैवी कृपा अशी तराजूत घालता येत नाही आणि हे त्या काळच्या विचारवंतांनाही ठाऊक होते. तथापि या भाबड्या हिशेबाच्या तळाशी एक फार मोलाची गोष्ट होती. पाव घेणारा गरीब मनुष्य रिकाम्या हातांनी घेत नव्हता. त्याच्यापाशीही देण्याजोगे काही होते, ते म्हणजे त्याची प्रार्थना. देवाला गरिबाची हाक लवकर ऐकू येते, अशी लोकांची पक्की श्रद्धा होती. म्हणून श्रीमंत माणसे मृत्युपत्रांत लिहून ठेवीत की, माझ्या दफनाच्या दिवशी गरिबांना पाव व पैसे वाटावेत आणि त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी. दारात उभा असलेला तो मनुष्य भिकारी नव्हता. मेलेल्या सावकारावर उपकार करायला तो आलेला होता.

सोळाव्या शतकात हे सारे मोडले. राजा आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, मठ बंद केले. त्याचा अल्पवयीन मुलगा सहावा एडवर्ड गादीवर येताच १५४७ साली मृतांच्या मिस्सांसाठी ठेवलेल्या देणग्या आणि त्यांवर चाललेली उपमंदिरे सरकारजमा करणारा कायदा झाला. अशी दोन हजारांहून अधिक मंदिरे व संस्था त्यात बुडाल्या. कित्येकांच्या जोडीला गरिबांसाठी अन्नदान होते, मुलांसाठी शाळा होत्या. १५४९ च्या नव्या प्रार्थनापुस्तकातून दोन नोव्हेंबरचा दिवस गाळण्यात आला आणि १५५२ च्या आवृत्तीने मृतांसाठी असलेल्या प्रार्थनांना जवळजवळ पूर्ण फाटा दिला. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत शुद्धिस्थानाची शिकवण ही पोकळ कल्पना असल्याचे तेथील चर्चच्या कलमांत नमूद झाले.

या सुधारकांवर केवळ राग धरणे न्यायाचे होणार नाही. मृतांच्या नावाने पैशाचा व्यवहार होत होता, हे आपणही मान्य केले पाहिजे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये शुद्धिस्थानाची शिकवण ठामपणे सांगितली, त्याच वेळी या बाबतीतील अंधश्रद्धा आणि हलकट धनलोभ बंद करण्याची ताकीदही बिशपांना दिली. परंतु रोग काढताना अवयवच कापला गेला, तर त्याला उपचार कसे म्हणावे? कायद्याने प्रार्थना बंद केली, गरिबी काही बंद केली नाही. परिणामी पाव मागायला येणाऱ्याच्या हातून त्याची परतफेड काढून घेतली गेली, आणि तो खरोखरच भिकारी झाला. शेक्सपियरच्या 'द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना' या आरंभीच्या नाटकात एक नोकर आपल्या प्रेमात पडलेल्या धन्याची थट्टा करताना म्हणतो की, तुम्ही सकल संतांच्या सणाच्या दिवशी भिकारी रडतात तसे रडगाणे गाता. कायदा होऊन अर्धशतकही उलटले नव्हते आणि आदल्या पिढीचा प्रार्थनेचा सोबती रंगभूमीवर हसण्याचा विषय झाला होता.

स्वयंपाकघरावर मात्र कोणत्याही राजाचा अंमल पुरता चालत नाही. एलिनॉर फेटिप्लेस नावाच्या एका खानदानी गृहिणीची १६०४ सालची पाककृतींची वही टिकून आहे. तिच्यातील एक कृती या केकची जुनी कृती म्हणून सांगितली जाते. पीठ, साखर, जायफळ, लवंग, जायपत्री, गोडे लोणी, थोडे स्पॅनिश मद्य आणि एल नावाच्या दारूवर येणारा फेस हे सारे एकत्र मळून लहान लहान केक करावेत व भाजावेत, हवे असल्यास केशर किंवा सुकी फळे घालावीत, इतकीच ती कृती. मोजमाप नाही, वेळ नाही. जिला करायचे तिला ते ठाऊकच असणार. दारूच्या फेसाचे आपल्या वाचकांना नवल वाटू नये. आपल्या आज्यांनी पीठ आंबविण्यासाठी ताडी वापरलीच आहे. पुढे अंड्याचा बलक आला, मनुके आले, आणि केकवर सुरीने क्रूस उमटविण्याची रीत आली.

आणि ते मसाले! जायफळ व जायपत्री दूरच्या बांदा बेटांवरून येत, लवंग मोलुक्कांतून, दालचिनी सिंहलद्वीपातून, आले व मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून. अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्राकडे, तेथून अलेक्झांड्रिया, व्हेनिस आणि मग लंडन असा त्यांचा प्रवास होता. लंडनमध्ये मिरीच्या व्यापाऱ्यांचा संघ बाराव्या शतकातच होता. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर हा मार्ग बदलला. वसईच्या किल्ल्यावर १५३४ साली पोर्तुगिजांचा झेंडा लागला, तोही याच समुद्री व्यापाराच्या ओढीने. एरवी ओट आणि बार्लीवर गुजराण करणाऱ्या श्रॉपशायरच्या शेतकऱ्याच्या घरी जायफळ किसले जाई ते वर्षातून मोजक्याच वेळी. त्यांपैकी एक वेळ मृतांसाठी राखलेली होती. उत्तम तेच त्यांच्या नावाने द्यायचे.

लिलेशॉलच्या मर्क यांच्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, १६८० च्या दशकात, जॉन ऑब्री हा चौकस विद्वान जुन्या चालीरीतींची टिपणे करीत होता. त्याच श्रॉपशायरविषयी तो लिहितो की, सर्व मृतांच्या दिवशी तेथे मेजावर सोल-केकची उंच रास रचून ठेवतात, जुन्या बायबलमधील चित्रांत समर्पित भाकरी दाखवितात तशी, आणि येणारा प्रत्येक जण त्यातला एक उचलतो. त्या वेळी म्हणायच्या कवनाचीही त्याने नोंद केली आहे. केकच्या बदल्यात सर्व ख्रिस्ती आत्म्यांवर दया व्हावी, असा त्याचा आशय आहे. कायद्याने बंदी येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. मेजावर समर्पित भाकरी आठवावी अशी रास रचणाऱ्या त्या घरांतील माणसे रविवारी प्रॉटेस्टंट मंदिरातच जात असणार. वेदीवरून जे हद्दपार झाले ते जेवणाच्या मेजावर येऊन बसले होते.

जवळच्या लँकेशायरमध्ये छळ सोसूनही कॅथलिक राहिलेली पुष्कळ कुटुंबे होती. तेथे दोन नोव्हेंबरच्या सुमारास रात्री घरची मंडळी टेकडीवर जमत, एक जण काट्याच्या टोकावर पेटलेला पेंढा उंच धरी आणि तो विझेपर्यंत बाकीची गुडघे टेकून आपल्या मृतांसाठी प्रार्थना करीत. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. धर्मगुरू नाही, मंदिर नाही, घंटा नाही. एक मूठ पेंढा जळायला वेळ तो किती लागणार! तेवढीच त्यांची मिस्सा.

चेशायरमध्ये १८९१ साली टॅटनहॉल गावच्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी तेथील शाळेतील एका लहान मुलीच्या तोंडून हे मागणीगीत उतरवून घेतले आणि दोन वर्षांनी ते लोकगीतांच्या संग्रहात छापले गेले. पुढे ते जगभर गायिले गेले. त्यात घरच्या मालकिणीकडे सोल-केक मागितला आहे. तो नसेल तर एखादे सफरचंद, नासपती, अलुबुखार, काहीही चालेल, असेही म्हटले आहे. संत पेत्र आणि संत पौल यांची नावे त्यात टिकून आहेत. ऑब्रीने टिपलेली मृतांवरील दयेची याचना मात्र गळून गेली आहे. दोनशे वर्षांत केकचे नाव तेवढे राहिले आणि प्रार्थना विरली. ज्या मुलीने ते गाणे म्हटले, तिला 'सोल' म्हणजे काय ते कोणी सांगितले असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

केकच्या जागी सफरचंद येणे स्वाभाविकच होते, असे मला वाटते. पीठ, लोणी व साखर यांना पैसे पडत, सफरचंदे माळ्यावर भरलेली असत. नोव्हेंबरात तेवीस तारखेला संत क्लेमेंटच्या दिवशीही शेजारच्या परगण्यांत मुले दारोदार सफरचंदे मागत फिरत. कॉर्नवॉलमध्ये ३१ ऑक्टोबरला लालबुंद, चकचकीत सफरचंदे एकमेकांना भेट देण्याची चाल होती. मोठ्यांसाठी सफरचंदाचे आणखी एक रूप होते. सफरचंदे फुटेपर्यंत भाजून त्यांचा पांढरा गर गरम एलमध्ये घालीत, वर साखर आणि जायफळ. या पेयाला ते 'कोकराची लोकर' म्हणत. गरीब घरी मसाल्याचा केक परवडेनासा झाला, तरी जायफळाचा तो वास असा मागे रेंगाळला.

चेशायरमधील अँट्रोबस या गावी 'सोल-केकर्स' नावाची मंडळी आजही ३१ ऑक्टोबरपासून काही रात्री गुत्त्यागुत्त्यांतून फिरून एक छोटे लोकनाट्य करतात. त्यात एक योद्धा मारला जातो आणि एक वैदू येऊन त्याला उठवतो. शेवटी घोड्याचे मुंडके धारण केलेला एक जण धुमाकूळ घालतो. नावात केक आहे, एवढाच काय तो जुना धागा.

कॅथलिक देशांत हाच रिवाज निराळ्या वाटेने गेला. पोर्तुगालमध्ये एक नोव्हेंबरच्या सकाळी मुले पिशव्या घेऊन 'पांव पोर देउश', म्हणजे देवाच्या नावाने पाव, मागत फिरतात, आणि त्यांना दालचिनी व बडीशेप घातलेले लहान गोड पाव, अक्रोड, अंजिरे मिळतात. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, लोक मिस्सेला जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले. उद्ध्वस्त झालेले लोक त्या नावाने दारोदार भाकर मागत फिरले आणि पुढल्या वर्षांपासून ही प्रथा राजधानीत रुजली, असे तेथे सांगतात.

आपल्याकडे ही मुलांची फेरी आली नाही, पण मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. गोव्यातील कॅथलिक घरांत लग्नाच्या आधी 'भिकाऱ्यां जेवण' घालतात. घराण्यातील मृतांच्या स्मरणार्थ गावातील गरिबांना सन्मानाने बोलावून पंगतीला बसवायचे, लग्नाच्या इतर पाहुण्यांच्या आधी. काही घरे हल्ली याऐवजी अनाथाश्रमाला पैसे पाठवितात. ते सोयीचे आहे आणि पैसा योग्य ठिकाणी पोहोचतोही. जेथे पंगत अजून बसते, तेथे पाने वाढून झाल्यावर सगळे थांबतात. आलेली माणसे आधी त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणतात आणि मगच पानाला हात लावतात.