ध्रुवीय मोहीम-पर्यटन आणि वन्यजीवांतील साथरोग : किनाऱ्यावर उतरण्याच्या नियमांचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना

ध्रुवीय प्रदेशांतील पर्यटन हे मुख्यत्वे जहाजांवर आधारलेले आहे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. मोठ्या जहाजांतील प्रवासी डेकवरूनच हिमनग व किनारे पाहून परततात. लहान जहाजांतील प्रवासी मात्र झोडियाक नावाच्या रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात आणि पेंग्विन व सील यांच्या वसाहतींजवळून पायी फिरतात. या दुसऱ्या प्रकारास मोहीम-पर्यटन म्हटले जाते. किनाऱ्यावर उतरणे हाच या पर्यटनाचा गाभा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियानजीकच्या बर्ड आयलंडवर तपकिरी स्कुआ या पक्ष्यांत अतिघातक एव्हियन इन्फ्लुएन्झा, म्हणजेच बर्ड फ्लू, आढळला. अंटार्क्टिक परिसरात या विषाणूचा हा पहिलाच शिरकाव होता. त्यामुळे किनाऱ्यावर उतरू द्यावे की नाही, हे कोणी व कोणत्या अधिकाराने ठरवावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. प्रस्तुत लेखात अंटार्क्टिका, दक्षिण जॉर्जिया आणि आर्क्टिकमधील स्वालबार्ड या तीन प्रदेशांची या प्रश्नाच्या अनुषंगाने ऐतिहासिक तुलना केली आहे.

उद्दिष्टे

१) ध्रुवीय मोहीम-पर्यटनाच्या विकासाचा व त्याच्या नियमनाचा आढावा घेणे.
२) वन्यजीवांतील रोगांविषयीच्या सावधगिरीचा पूर्वेतिहास पाहणे.
३) २०२२ नंतरच्या साथीचा किनाऱ्यावर उतरण्यावर झालेला परिणाम तीन प्रदेशांच्या संदर्भात तपासणे.

मोहीम-पर्यटनाचा उदय

ध्रुवीय पर्यटनाचा आरंभ उत्तरेकडे झाला. नॉर्वेच्या किनारी जहाजवाहतुकीचे प्रवर्तक रिचर्ड विथ यांच्या कंपनीने १८९६ मध्ये स्वालबार्डमधील स्पिट्सबर्गन बेटावर प्रवाशांसाठी एक छोटे हॉटेल उभारले. ते हॉटेल फार काळ चालले नाही. तथापि ती जागा आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. दक्षिणेकडे हा प्रवाह बराच उशिरा पोहोचला. १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाच्या जहाजातून काही प्रवासी अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे गेले. परंतु आजच्या अर्थाने मोहीम-पर्यटनाचा पाया घातला तो लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. त्यांनी १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन प्रवाशांना अंटार्क्टिकास नेले आणि १९६९ मध्ये खास या कामासाठी बांधलेले 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' हे जहाज आणले. प्रवाशांसोबत अभ्यासक असावेत, त्यांनी जहाजावर व्याख्याने द्यावीत आणि लहान गटांनी किनाऱ्यावर उतरावे, ही पद्धत त्यांनी रूढ केली.

पुढील काळात ही संख्या झपाट्याने वाढली. १९९२-९३ च्या हंगामात समुद्रमार्गे अंटार्क्टिकास गेलेले पर्यटक सुमारे ६,७०० होते. २०२३-२४ च्या हंगामात एकूण पर्यटकांची संख्या सुमारे १ लाख २२ हजारांवर गेली आणि त्यांपैकी अंदाजे दोन-तृतीयांश प्रवासी प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरले. म्हणजेच विषाणू दक्षिणेस पोहोचला, तो नेमका तेथील माणसांची वर्दळ सर्वाधिक असतानाच.

उतरण्याचे नियम : पायाच्या ठशापासून रोगापर्यंत

अंटार्क्टिकावर कोणत्याही एका राष्ट्राची सर्वमान्य सत्ता नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी स्वाक्षऱ्या झालेला आणि २३ जून १९६१ पासून अंमलात आलेला अंटार्क्टिक करार हाच तेथील व्यवस्थेचा आधार आहे. करारातील सल्लागार राष्ट्रांच्या बैठकांत निर्णय सर्वसंमतीने होतात. पर्यावरण संरक्षणासंबंधीचा माद्रिद मसुदा १९९१ मध्ये स्वीकारला गेला व १९९८ मध्ये अंमलात आला. १९९१ मध्येच सात कंपन्यांनी एकत्र येऊन अंटार्क्टिक पर्यटन-संयोजकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. ही संघटना 'आयाटो' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

एका वेळी एका स्थळी शंभरापेक्षा अधिक प्रवासी उतरवू नयेत, दर वीस प्रवाशांमागे किमान एक मार्गदर्शक असावा, एका स्थळी एका वेळी एकच जहाज असावे आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांनी कोणासही उतरवू नये, हे या पर्यटनाचे चार प्रमुख दंडक होत. करारराष्ट्रांनी ते एका ठरावाद्वारे स्वीकारले, ते २००७ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या बैठकीत. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला होता व त्याच वर्षी त्यास सल्लागार राष्ट्राचा दर्जा मिळाला होता. गोव्याहून डिसेंबर १९८१ मध्ये निघालेली डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ही या सहभागाची पूर्वपीठिका होय. परंतु नवी दिल्लीचा ठराव केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा होता. त्यास बंधनकारक रूप देणारा उपाय २००९ मध्ये मंजूर झाला. पण सर्व संबंधित राष्ट्रांची मान्यता पूर्ण न झाल्याने तो दीड दशकानंतरही अंमलात आला नव्हता.

या नियमांमागील मूळ चिंता रोगाची नव्हती. शेवाळ तुडवले जाऊ नये, पक्ष्यांनी घरटी सोडू नयेत, हा त्यांचा हेतू होता. तथापि रोगाविषयीची जाणीव अगदीच नव्हती, असेही म्हणता येणार नाही. माद्रिद मसुद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार जिवंत कोंबड्या अथवा अन्य पक्षी अंटार्क्टिकास नेण्यास मनाई करण्यात आली, तर सोललेल्या कोंबड्या पाठविण्यापूर्वी त्यांची न्यूकॅसल रोग, क्षय इत्यादींसाठी तपासणी आवश्यक ठरली. त्याच परिशिष्टानुसार स्लेज ओढणारे कुत्रे १ एप्रिल १९९४ पर्यंत तेथून हलविण्यात आले; कुत्र्यांतील डिस्टेम्पर सीलना जडेल, ही भीती त्यामागील एक कारण होती. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मॉसन केंद्राच्या परिसरातील पेंग्विनांत कोंबड्यांच्या एका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९९८ मध्ये होबार्ट येथे अंटार्क्टिक वन्यजीवांच्या रोगांवर कार्यशाळा झाली. बूट धुणे, कपडे घासून स्वच्छ करणे, जंतुनाशकाच्या द्रावणात पाय बुडविणे या गोष्टी जहाजांच्या नित्यक्रमात आल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

साथीचा प्रवास

ज्या विषाणूच्या वंशातून ही साथ उद्भवली, तो १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बदकवर्गीय पाळीव पक्ष्यांत प्रथम आढळला होता. महाराष्ट्रास त्याची ओळख फेब्रुवारी २००६ मध्ये झाली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक नोंदला गेला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नवापूरचा हा दाखला येथे एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. कुक्कुटपालनात रोग आटोक्यात आणण्याची तीन साधने असतात : बाधित पक्षी नष्ट करणे, जागा निर्जंतुक करणे आणि ये-जा बंद करणे. पेंग्विनांच्या उघड्या वसाहतीत यांपैकी पहिली दोन साधने जवळजवळ निरुपयोगी ठरतात. तिसरेच तेवढे उरते, आणि तेही पक्ष्यांच्या बाबतीत नव्हे, केवळ माणसांच्या बाबतीत.

याच वंशाची नवी शाखा २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेत व २०२२ च्या अखेरीस पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर पोहोचली. तेथे समुद्रपक्ष्यांसह हजारो सी-लायन मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची १७ हजारांहून अधिक पिल्ले दगावल्याचा अंदाज आहे. त्याच महिन्यात विषाणू दक्षिण जॉर्जियास व फॉकलंड बेटांस पोहोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या प्रिमावेरा तळाजवळील मृत स्कुआंच्या नमुन्यांवरून स्पॅनिश वैज्ञानिकांनी अंटार्क्टिक भूमीवरील त्याचे अस्तित्व सिद्ध केले.

हा प्रसार प्रामुख्याने स्थलांतर करणाऱ्या व मृत प्राणी खाणाऱ्या पक्ष्यांमार्फत झाला, असे मानले जाते. पर्यटकांनी विषाणू दक्षिणेस नेला, असे दर्शविणारा पुरावा पुढे आलेला नाही. मात्र बुटाच्या तळव्यास चिकटलेली विष्ठा एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत नेण्याची शक्यता उरतेच. शिवाय आजारी प्राण्यांवर माणसांच्या वावराचा ताण पडतो आणि माणसालाही संसर्गाचा धोका संभवतो.

तीन प्रदेश, तीन व्यवस्था

अ) दक्षिण जॉर्जिया : हे बेट ब्रिटिश प्रशासनाखाली आहे, यद्यपि अर्जेंटिना त्यावर हक्क सांगतो. येथे प्रत्येक जहाजास स्थानिक शासनाचा परवाना घ्यावा लागतो. बेटावरील उंदीर-घुशींचे उच्चाटन करून २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झाले होते. त्यामुळे कपडे व सामान यांच्या काटेकोर तपासणीची सवय येथे आधीच रुजलेली होती. साथ येताच शासनास काही स्थळे आदेशाने बंद करता आली. तरीही हानी टळली नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हवाई पाहणीनुसार २०२२ ते २०२४ या काळात बेटावरील तीन सर्वांत मोठ्या वसाहतींत एलिफंट सीलच्या प्रजननक्षम माद्यांची संख्या ४७ टक्क्यांनी घटली. बंदी हा रोगावरील उपाय नव्हे, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

आ) अंटार्क्टिक द्वीपकल्प : येथे आदेश देणारी एकच सत्ता नाही. प्रत्येक जहाज आपापल्या राष्ट्राच्या परवानगीने येते. त्यामुळे दैनंदिन निर्णयाचा भार आयाटोच्या नियमांवर आणि प्रत्यक्ष जहाजावरील मोहीमप्रमुखावर पडला. प्रवासी उतरविण्यापूर्वी अनुभवी कर्मचाऱ्यांनी किनाऱ्याची पाहणी करावयाची. मृत प्राण्यांची असाधारण संख्या, तोल जाणे, झटके येणे अशी लक्षणे दिसल्यास उतरणे रद्द करावयाचे व इतर जहाजांना कळवावयाचे, अशी पद्धत ठरली. प्रवाशांनी जमिनीवर बसणे, गुडघे टेकणे, आडवे होणे किंवा सामान खाली ठेवणे यांस मनाई झाली. उतरणे रद्द झाल्यास रबरी होडीतूनच किनाऱ्यालगत फेरी मारली जाते. या व्यवस्थेतील पेच उघड आहे. उतरू देण्यासाठी प्रवाशाकडून मोठी रक्कम घेणारी कंपनीच उतरू न देण्याचा निर्णय घेणारी असते. संघटनेचे सदस्यत्व ऐच्छिक असल्याने तिच्या नियमांची कक्षाही सदस्यांपुरतीच राहते. तथापि दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. संशोधन केंद्रांपासून दूर असलेल्या अनेक किनाऱ्यांवर वारंवार नजर टाकणारे लोक पर्यटक-जहाजांवरचेच होते आणि रोगाच्या नोंदी मिळण्यास त्यांचा उपयोग झाला.

इ) स्वालबार्ड : १९२० च्या तहान्वये या द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले आहे. तेथील पर्यावरण संरक्षण कायदा २००२ पासून अंमलात आहे, तर आर्क्टिकमधील मोहीम-पर्यटन कंपन्यांची संघटना २००३ मध्ये स्थापन झाली. येथे रोगाचा अनुभव जुना आहे. १९८० मध्ये ध्रुवीय कोल्ह्यांत रेबीज आढळला. म्हणून कोल्ह्यास हात लावू नये ही सूचना येथील प्रवाशांस नवी नाही. बर्ड फ्लू येथे २०२२ मध्ये, म्हणजे दक्षिणेपेक्षा आधी पोहोचला. २०२३ मध्ये मृत झालेल्या एका वॉलरसमध्ये त्याचा संसर्ग पुढील वर्षी प्रयोगशाळेत निश्चित झाला. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजांस मज्जाव झाला व तेथील उतरण्याची स्थळे ४३ पर्यंत मर्यादित झाली. हे नियम रोगासाठी केलेले नाहीत; परंतु कोणत्या किनाऱ्यावर माणूस उतरतो हे त्यामुळे निश्चित झाल्याने रोगाच्या काळात ते आपोआप उपयोगी पडतात.

तुलनेतून दिसणारे वास्तव

तिन्ही ठिकाणी स्वच्छतेची तांत्रिक साधने जवळजवळ सारखीच आहेत : ब्रश, बादली आणि जंतुनाशक. फरक आहे तो निर्णयाच्या अधिकारात. स्वालबार्डमध्ये कायदा, दक्षिण जॉर्जियात परवाना आणि अंटार्क्टिकात स्वयंशिस्त, अशी ही उतरती भाजणी आहे. या उणिवेची जाणीव करारराष्ट्रांनाही झाली आहे. पर्यटनासाठी सर्वंकष चौकट आखण्याचा निर्णय २०२३ मध्ये हेलसिंकी येथे झाला आणि तिच्या प्रत्यक्ष चर्चेस मे २०२४ मध्ये कोची येथील बैठकीत प्रारंभ झाला. नवी दिल्लीतील शिफारशीनंतर सतरा वर्षांनी तोच विषय पुन्हा भारताच्याच भूमीवर बंधनकारक चौकटीच्या दिशेने पुढे सरकावा, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष

१) किनाऱ्यावर उतरण्याचे निर्बंध मूलतः माणसाच्या पायाचा ठसा मर्यादित ठेवण्यासाठी निर्माण झाले. साथीच्या काळात तेच निर्बंध रोगनियंत्रणाचे साधन बनले. नवी यंत्रणा शून्यातून उभारावी लागली नाही.

२) वन्यजीवांतील साथ उतरण्यावरील बंदीने थांबत नाही. तरीही बंदी निरर्थक ठरत नाही; कारण विषाणूच्या अनेक वाटांपैकी माणसाच्या हाती असलेली वाट फक्त त्याच्या स्वतःच्या पावलांची आहे.

३) साथीमुळे उतरणे हा तिकिटाबरोबर विकत घेतलेला हक्क न राहता, त्या दिवशी त्या किनाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असलेली सशर्त परवानगी बनला आहे.

४) ही परवानगी नाकारणारा निर्णय जेथे स्वतंत्र शासनाकडे आहे, तेथे तो व्यापारी हितसंबंधांपासून मुक्त राहू शकतो. अंटार्क्टिकात अशी स्वतंत्र सत्ता नसल्याने सर्वसंमतीच्या करारातूनच बंधनकारक नियम घडविणे अपरिहार्य आहे. त्यास होणारा प्रत्येक विलंब कंपन्यांच्या सद्सद्विवेकावरील भार वाढवीत राहील.