मुहूर्त काढला, पण भरती कुणी बघितली?

मागच्या महिन्यात आईला घेऊन नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेलो. आई आता नव्वदीला टेकलीय. बोट सुटली तशी कठडा धरून तिने पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "भरती काय सुकती रे?" (आमच्या घरात बोलणं कोकणी, लिहिणं-वाचणं मराठी. गोव्यातल्या बऱ्याच घरांत तसंच आहे.) मला सांगता येईना. मांडवीच्या काठावर जन्म गेला, आणि पाणी चढतंय की उतरतंय ते कळत नाही. आई काही बोलली नाही, पण बघितलं मात्र.

तिला विचारायचा हक्क आहे. १९५७ च्या वैशाखात तिचं लग्न झालं. माहेर कुंभारजुव्याचं, सासर नार्व्याचं. वऱ्हाड दोन होड्यांतून निघालं. मुहूर्त गोरजाचा, दिवस पुनवेच्या आदला. दिवाडीच्या कडेने येताना नवरीची होडी गाळात रुतली. पुनवेच्या सुमाराला भरती मोठी तशी सुकतीही मोठी, आणि संध्याकाळ म्हणजे नेमकी सुकतीची वेळ. तीन तास सगळे होडीत बसून. नवरी शालू सावरत, करवल्या डास मारत. इकडे मांडवात लोक कंदील घेऊन काठावर. पाणी चढल्यावर होडी आपोआप सुटली, आणि लग्न रात्रीच्या दुसऱ्या मुहूर्तावर लागलं. आजोबा पुढे जन्मभर भटजींना ऐकवत राहिले, "मुहूर्त काढलात, पण भरती कुणी बघितली?"

आजोबांचं काठावर दुकान होतं. तांदूळ, रॉकेल, मंगळुरी कौलं, सगळं पडावातून यायचं. त्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हे समुद्राजवळचं. जितकं आत जाल तितकी थोडी उशिरा. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही, जड माल त्या दिवसांत चढवायचा नाही.

आता मूळ मुद्दा. मांडवी काही फार मोठी नदी नाही. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम, सत्तरीत उतरेपर्यंत नाव म्हादई, खाली आली की मांडवी. सगळी मिळून जेमतेम ऐंशी किलोमीटर. कृष्णा-गोदावरीपुढे ओहोळच म्हणा. पण घाट उतरला की हिचं पात्र जवळजवळ समुद्राच्या पातळीला येतं. त्यामुळे दोन मीटरची भरती पार उसगावपर्यंत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर आत घुसते. भरतीबरोबर भरलेली होडी वर न्यायची, सुकतीबरोबर खाली आणायची. बैल नको, इंधन नको. दिवसातून दोनदा समुद्र स्वतः ओझं ओढून देतो. दक्षिणेला जुवारीचंही तेच, तिथे होड्या सावर्ड्यापर्यंत जात. आणि या दोघींना मधून जोडणारा सतरा किलोमीटरचा कुंभारजुव्याचा कालवा. म्हणजे गोव्याच्या पोटात पाण्याचा एक वर्तुळाकार रस्ताच. घाटावरून लमाण्यांचे बैल माल घेऊन उतरायचे, आणि जिथे भरती संपते तिथे होडी त्यांची वाट बघत असायची.

राज्यंसुद्धा या पाण्यावरच उठली-बसली. कदंबांचं गोवापुरी बंदर जुवारीवर. पुढे मांडवीवरचं एला वर आलं, तेच आदिलशाहीकडून पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतलं, आजचं जुनं गोवें. मग १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला, तीही त्याच नदीच्या तोंडाशी.

आणि ही नदी सरहद्दही होती. सोळाव्या शतकात देवळं पडू लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, १५६० साल. पलीकडे आदिलशाही होती म्हणून देव वाचले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून आमच्या नार्व्याला आला, आणि त्याचं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या माणसांनी जुवें बेट घेतलं तेही रात्री, सुकतीची वेळ साधून. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय फौज घेऊन आला आणि मार खाऊन परत पळाला. मला नेहमी वाटतं, त्या रात्री मराठ्यांबरोबर तिथी मोजणारा कुणीतरी स्थानिक माणूस नक्की असणार.

होड्या गेल्या तरी नदी थांबली नाही. खनिजाचा धंदा वाढला तो मांडवी-जुवारी होत्या म्हणूनच. खाणी डिचोली, सांगे, सत्तरीत, बोटी मुरगावला. हजार टनांची एक बार्ज म्हणजे दहा टनांचे शंभर ट्रक. हा ओढा नसता तर ते खनिज परदेशी बाजारात परवडलंच नसतं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि लाटा, तेव्हा मांडवीचं तोंड बंद. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. आईच्या माहेरच्या घरासमोरून रात्रभर धडधड चालायची. २०१०-११ च्या सुमाराला वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास माल गोव्याबाहेर जात होता. गावातल्या कितीतरी पोरांनी बार्जवर नोकऱ्या केल्या, काहींनी कर्ज काढून बार्जही घेतल्या. नदी लाल झाली, शेतात गाळ आला, तेही खरं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. नांगरून ठेवलेल्या बार्ज गंजताना बघणं फार वाईट होतं. आमच्या नात्यातल्या एकाची त्यात होती.

रस्त्याने मात्र नदीला हळूहळू मागे टाकलं. पणजीचा पहिला मोठा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तेव्हा पुन्हा काही वर्षं लोक बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभे राहिले. आता तिथेच शेजारी-शेजारी तीन पूल आहेत, आणि खाली पाण्यात कॅसिनो. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवें तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग झाले. कागदावर मान मोठा मिळाला.

खरी काळजी वरच्या बाजूची आहे. भरती खारं पाणी आत ढकलते, आणि वरून येणारं गोडं पाणी ते मागे रेटतं. उन्हाळ्यात हे रेटणं आधीच कमी होतं. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. खानापूरकडचे आपले लोक म्हणतात, उगम आमच्याकडे, रान जाणार तेही आमचंच. धारवाडकडचे म्हणतात, आम्हाला प्यायला पाणी हवं. दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. पण नार्व्याच्या खाजनातला बांध फुटून एकदा खारं पाणी शिरलं तर भात पुढची काही वर्षं धड येत नाही, हे आमच्या घराने अनुभवलंय. वरचं पाणी कमी झालं तर खारं आणखी वर सरकणार, आणि ते अडवायला कुठलाच बांध पुरायचा नाही.

परतताना मी पंचांग बघून गेलो. सप्तमी होती. सात पाऊणपट सव्वापाच, वर आत यायला तासभर. आईला सांगितलं, "भरती आहे, अजून तासभर चढेल." ती म्हणाली, "भांग जवळ आलाय, फार नाही चढायचं."

तुमच्या घरात कुणाकडे पडावाच्या, गाझोलीनच्या, दुर्भाटच्या किंवा सावर्ड्याच्या धक्क्याच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. जुना फोटो असेल तर फारच बरं. मी आईला वाचून दाखवीन.