मुलींचे शालेय क्रीडाशिक्षण : नाशिक जिल्हा

माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांतील मुलींना खेळ-व्यायामाकडे वळवण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील शाळा, आश्रमशाळा व प्रशिक्षण केंद्रांतून चालणारे प्रयत्न. धावपटू मुलींमुळे जिल्ह्याचा लौकिक देशभर झाला. सर्वसाधारण विद्यार्थिनी मात्र वयात येताच मैदानावरून दिसेनाशी होते.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची दमदार हालचाल आवश्यक मानते. 146 देशांतील माहितीवर आधारलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुली व 78 टक्के मुलगे या मापाला उतरले नाहीत. हे आकडे सुरगाणा-पेठच्या डोंगरपट्ट्याला लावताना जपावे लागते. डोक्यावर हंडा आणि लाकूडफाटा वाहणाऱ्या मुलीला कष्ट कमी पडत नाहीत, कमी पडतो तो खेळ.

अशा मुलीला खेळाची संधी मिळाली की काय घडते, याचे ठळक उदाहरण कविता राऊत (जन्म 1985). त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलजवळचे सावरपाडा हे तिचे गाव. शाळेच्या वयात ती अनवाणीच धावे. भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे ती नाशिकला भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर सराव करू लागली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्य व 5,000 मीटरमध्ये कांस्य, 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे तिचे टोपणनाव घराघरांत पोचले. चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव याच प्रशिक्षकांच्या हाताखाली घडली. 2017 च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने 5,000 मीटरमध्ये कांस्य मिळवले. गावातला दम शहरातल्या प्रशिक्षकापर्यंत पोचला, म्हणून ही पदके आली. सगळ्या गावांचे असे नशीब नसते.

आश्रमशाळांचा अनुभव वेगळा आहे. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिकलाच असून आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्पस्तरापासून राज्यस्तरापर्यंत होतात. मुली निवासी असल्याने सकाळ-संध्याकाळ सराव जमतो. खो-खो येथे चांगला रुजला. दोन खांब, आखलेले मैदान आणि शिट्टी एवढ्यावर भागते; शिवाय पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊही जणी एकाच वेळी खेळात असतात. स्वस्तात अधिक मुलींना पळवणारा दुसरा खेळ सांगणे कठीण.

गावाहून ये-जा करणाऱ्या मुलीचे गणित एसटीवर अवलंबून असते. मोफत पासामुळे शाळा जवळ आली, पण सराव शाळा सुटल्यावर आणि गावाकडची शेवटची गाडीही त्याच सुमारास. आठवीपासून अनेक शाळांत गणवेश सलवार-कमीजचा. पिनांनी टाचलेली ओढणी सांभाळत लांब उडी मारता येत नाही. पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसेल तर मुलगी मैदानावरच काय, शाळेतही येत नाही. राज्यात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळतो. तेव्हा ‘मुलींना आवड नाही’ हा शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येणारा शेरा सोयीचा आहे, खरा नाही. गणवेशात ट्रॅकपँटची मुभा, शाळेच्या वेळेतच सराव आणि मैदानावर एखादी बाई शिक्षिका एवढ्यानेही संख्या वाढते.

शासनाची शालेय स्पर्धांची रचना 14, 17 व 19 वर्षांखालील गटांची आहे. यशस्वी खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळत असल्याने पालकांचा विरोध काहीसा मावळतो. हा लाभ संघात निवड झालेल्या मोजक्या मुलींचा. वर्गातल्या उरलेल्या मुलींसाठी वेळापत्रकातला पीटीचा तास हीच काय ती तरतूद, आणि परीक्षा तोंडावर आली की गणित-विज्ञानाला पहिल्यांदा तोच दिला जातो.